विषय: ठाण्याचे काका गेले

नमस्कार मंडळी,

नौपाड्यातले आपले काका परवा गेले. निवृत्तीनंतर ते न्यू जर्सी सोडून ठाण्याला परतले, तरी मंडळाचं सभासदत्व त्यांनी सोडलं नाही. गणपतीची वर्गणी दरवर्षी सगळ्यांच्या आधी त्यांची यायची. नव्या सभासदांसाठी थोडं लिहितो.

काका पत्राने बुद्धिबळ खेळत. कार्डावर एक खेळी लिहायची, पेटीत टाकायची आणि वाट बघायची. एकेक डाव दोन-तीन वर्षं चाले. कार्डावर नुसते आकडे: राजापुढचं प्यादं दोन घरं सरकलं की ५२५४, राजाच्या बाजूचा किल्लेकोट ५१७१. समोरचा रशियन असो की जर्मन, भाषेवाचून काही अडत नसे. आधी त्याची खेळी पुन्हा लिहायची, मग आपली. कार्ड कधी मिळालं आणि उत्तर कधी टाकलं त्या तारखाही. पोस्टातले दिवस कुणाच्याच खात्यावर नाहीत. विचाराचे मात्र मोजायचे, साधारण १० खेळ्यांना ३० दिवस. 'तुम्ही हे केलंत तर मी ते' असं आधीच कळवलं तर महिनाभर वाचे, पण मग शब्द फिरवता येत नसे. काका असं क्वचित लिहीत. दिलेला शब्द त्यांना पटावरही तितकाच मोठा वाटे.

कार्यवाह

---

उत्तर: ठाण्याहून

सगळ्यांचे निरोप आईला वाचून दाखवले.

मामाच्या कपाटात कार्डांचे गठ्ठे आहेत, देशानुसार सुतळीने बांधलेले. पूर्व जर्मनीचा गठ्ठा तो कुणाला हात लावू देत नसे. तो देश १९९० मध्ये नकाशावरून गेला, पण पत्रबुद्धिबळाच्या दहाव्या ऑलिंपियाडमधले त्याच्या संघाचे डाव चालूच राहिले आणि १९९५ मध्ये निकाल लागला तेव्हा संघ तिसरा आला. रविवारी वर्गाला येणाऱ्या मुलांना मामा हे हमखास सांगायचा. मुलांना तो एकच स्थिती मांडून द्यायचा, उत्तर पुढच्या रविवारी. मध्येच कुणी फोन केला तर सांगायचा नाही.

आता आयसीसीएफचे, म्हणजे पत्रबुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे, डाव वेबवर चालतात, संगणकाची मदत घेतलेली चालते आणि वरच्या पातळीवर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. मामाने ती मदत कधी घेतली नाही. त्यामुळे तो हरायचा, पुष्कळदा हरायचा. पण आपल्या प्रत्येक खेळीमागचं कारण त्याला सांगता यायचं आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

एक काम आहे. वेबवरच्या डावांचं स्पर्धा संचालकांना कळवलंय. पण एक डाव अजून कार्डांवर चालू होता, केवळ मैत्रीचा. समोरचे आजोबा तुमच्याच भागात राहतात, ईमेल वापरत नाहीत. त्यांना ही बातमी नुसत्या कार्डाने कळावी असं मला वाटत नाही. कुणी प्रत्यक्ष जाऊ शकेल का?

भाची

---

उत्तर: न्यू जर्सीहून

ताई, मी जाते. शनिवारी सकाळी, आमच्या बाबांना घेऊन. त्यांनाही बुद्धिबळातलं कळतं, मला फारसं नाही.

पत्ता लिस्टवर टाकू नकोस, मला वेगळा पाठव. सोबत मामांच्या वहीतल्या त्या डावाच्या पानाचा फोटोही पाठव. आजोबांची शेवटची खेळी मामांना पोचली होती का आणि त्यावर त्यांनी काही योजून ठेवलं होतं का, तेही बघून ठेव. ते पहिल्यांदा हेच विचारतील.