एक्झोरा पिवळा पडतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. घर परभणीत, माती काळी, पाणी बोअरचं, भांड्यांवर पांढरे डाग पाडणारं. पावसाळ्यात फाटकापासून ओट्यापर्यंत बुटक्या एक्झोराची (गुच्छांनी फुलणारं शोभेचं झुडूप) बारा रोपं दीड-दीड फुटावर लावली. आता नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. नर्सरीवाला म्हणतो, लोह कमी आहे, फेरस सल्फेट टाका. पण आमच्यासारख्या चुनखडीच्या जमिनीत ते मातीतच अडकून बसतं ना? मग चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या संयुगात बांधलेलं लोह) फवारू? की सरळ उपटून बुटकी तगर नाहीतर कुंती लावू? कण्हेरीला शेळ्या तोंड लावत नाहीत, पण ती विषारी, अन् घरात रांगतं लेकरू आहे. उन्हाळ्यात आमच्याकडं टँकर असतो, तेव्हा कमी पाण्यावर तगणारंच सांगा. स्वतः लावलेल्यांनी आधी बोला.