माउंटन बायकर्सनी आधी काय वाचवायचं, ट्रेल की जमीन?

मुक्तचाक

जून २०२५ मध्ये युटाचे सिनेटर माइक ली यांनी अमेरिकी काँग्रेससमोरच्या अर्थविषयक विधेयकात एक कलम घातलं. पश्चिमेकडच्या ११ राज्यांतली, फॉरेस्ट सर्व्हिस (केंद्राचं वनखातं) आणि बीएलएम (ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट, केंद्राच्या जमिनी सांभाळणारं खातं) यांच्या ताब्यातली वीस ते तीस लाख एकर सार्वजनिक जमीन विकायची, असं ते कलम होतं. शिकारी, गळ टाकणारे, पायी भटकणारे, सायकलवाले, सगळे एकदम उठले आणि महिना संपायच्या आत ते कलम मागे घ्यावं लागलं.

याच माइक लींनी २०१६ मध्ये ऑरिन हॅच यांच्यासोबत विल्डरनेस क्षेत्रांत सायकलींना वाट मोकळी करणारं विधेयक मांडलं होतं. तेव्हा आपल्यातल्या कित्येकांना ते आपले कैवारी वाटले होते. ही गोष्ट मला अजून टोचते, म्हणून हा धागा.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. अमेरिकेत केंद्र सरकारच्या मालकीची सुमारे ६४ कोटी एकर जमीन आहे. त्यातली ११ कोटी एकरांहून जास्त जमीन १९६४ च्या विल्डरनेस कायद्याखाली येते, आणि तिला सगळ्यात कडक संरक्षण आहे. तिथे रस्ता नाही, इंजिन नाही, आणि सायकलही नाही. बाकीच्या जमिनीवर काय चालेल ते त्या त्या खात्याच्या आराखड्यावर ठरतं.

माझं म्हणणं असं, की १९६४ च्या कायद्याला आपण हात लावू नये. एकदा तो दुरुस्तीसाठी उघडला की आपल्या मागोमाग खाणवाले आणि लाकूडवाले आत शिरणार. ट्रेल हातचा गेला तरी मागून परत मिळवता येतो, पण जमीन विकली गेली की तिथे कुंपण येतं आणि विषय संपतो. २०२० च्या सुरुवातीला युटातल्या मोआबच्या स्लिकरॉक ट्रेलखालची जमीन तेल-वायूच्या लिलावासाठी पुढे आली होती. जगभरचे सायकलवाले ज्या खडकावर एकदा तरी चाक लावायचं म्हणून येतात, त्याच्याखाली तेलाचे भाडेपट्टे! स्थानिक लोक आणि सायकलवाले बोलले, म्हणून बीएलएमने ते दोन तुकडे लिलावातून वगळले. आपली ताकद तिथे लावायची. इम्बा, म्हणजे इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन, हिने २०१७ मध्ये कायदा बदलणाऱ्या विधेयकाला पाठिंबा द्यायला नकार दिला तेव्हा तिला आपल्याच लोकांकडून खूप बोलणी खावी लागली. माझ्या मते तिचं बरोबर होतं.

घाटवळण

कळकळ समजली, पण सपशेल असहमत.

पहिली गोष्ट, सायकलबंदी १९६४ च्या कायद्यात नावानिशी नाहीच. कायद्यात मोटारी, मोटारबोटी, विमानं यांच्या पुढे 'यांत्रिक वाहतुकीचं दुसरं कुठलंही साधन' एवढंच आहे. १९६६ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसने स्वतःच नियम करून त्याचा अर्थ सांगितला, की जे निर्जीव शक्तीवर चालतं ते. पायडल मारणारा माणूस निर्जीव नसतो. सायकलींवर सरसकट बंदी हा अर्थ १९८४ च्या नियमाने पक्का झाला, आणि तोही काँग्रेसमध्ये कसलीही चर्चा न होता. तेव्हा आम्ही 'कायदा मोडायला निघालोय' हे म्हणणंच चूक आहे. एका खात्याने नंतर लावलेला अर्थ बदला, एवढीच मागणी आहे.

दुसरी गोष्ट, ज्यांचा ट्रेल जातो त्यांच्या बाजूने जरा बघा. आयडाहोतली व्हाइट क्लाउड्स डोंगररांग. तिथल्या सायकलवाल्यांनी वर्षानुवर्षं संरक्षणाच्याच बाजूने काम केलं. सायकलींना जागा राहील असं नॅशनल मॉन्युमेंट, म्हणजे संरक्षित राष्ट्रीय क्षेत्र, करा, असं ते म्हणत होते. २०१५ मध्ये झालं काय? पावणेतीन लाख एकर विल्डरनेस जाहीर झालं आणि कॅसल डिव्हाइड, अँट्स बेसिन यांसारखे ट्रेल एका सहीने बंद झाले. ज्याने संरक्षणासाठी पत्रं लिहिली त्यालाच दारातून बाहेर काढलं. पुढच्या वेळी तो पत्र लिहील असं तुम्हाला खरंच वाटतं?

आणि बंदीनंतर त्या ट्रेलचं काय होतं, हे कुणी सांगत नाही. विल्डरनेसमध्ये चेनसॉ, म्हणजे इंजिनाची करवत, चालत नाही, पडलेलं झाड दोन माणसांनी दोन टोकांना धरायच्या लांब करवतीने कापायचं. काम करणारे हात कमी झाले की दोन-चार हिवाळ्यांत वाट झाडाखाली जाते.

देवदार

मी सायकल चालवत नाही, पायी जातो. माझं मत दोघांनाही आवडणार नाही.

अर्थ १९६६ चा घ्या नाहीतर १९८४ चा, मूळ हेतू काय होता ते बघा. सगळीकडे माणसाचा वेग वाढत चाललाय, तर थोडी जागा अशी ठेवू जिथे तो वेग शिरणार नाही, एवढं साधं ते होतं. ११ कोटी एकर ऐकायला मोठं वाटतं, पण त्यातलं निम्म्याहून जास्त एकट्या अलास्कात आहे. खालच्या राज्यांत उरलेलं थोडंच, आणि तेही तुकड्यातुकड्यांत.

प्राण्यांचा प्रश्न तर तुम्ही दोघांनी काढलाच नाही. ऑरेगनच्या स्टार्की प्रायोगिक जंगलात, कुंपण घातलेल्या मोठ्या क्षेत्रात, एल्क नावाच्या मोठ्या हरणांना कॉलर लावून अभ्यास झाला. चारचाकी एटीव्ही, माउंटन बाइक, पायी माणूस, घोडेस्वार, असे एकेक गट आत सोडून एल्क काय करतात ते पाहिलं. ते सगळ्यांपासूनच दूर गेले, पण एटीव्हीच्या खालोखाल सायकलींपासून जास्त. पायी माणूस दिवसाला जितकं अंतर जातो त्याच्या कितीतरी पट सायकल जाते, त्यामुळे एक सायकलस्वार तेवढ्याच वेळात जास्त जनावरांना उठवतो.

आणि वेगाने फक्त जनावरंच संकटात येत नाहीत. २०१६ मध्ये ग्लेशियर नॅशनल पार्कच्या शेजारच्या जंगलात एक अनुभवी सायकलस्वार वळणावरून वेगात आला तो थेट ग्रिझली अस्वलावर आदळला, आणि जिवाला मुकला. अस्वलाच्या मुलखात आवाज करत, हळू जायचं हा पहिला धडा. तो सायकलवर पाळता येत नाही.

आज पायडलची सायकल आत घेतली की उद्या ई-बाइक दाराशी उभी. ऑगस्ट २०१९ मध्ये नॅशनल पार्क आणि बीएलएम ज्याच्याखाली येतात त्या इंटिरियर खात्याच्या एका आदेशाने ई-बाइक साध्या सायकलींच्या पंगतीत बसल्याच की.

ओंजळ

मी ट्रेलवर कामाला जाते, म्हणून फक्त मातीचं बोलते.

'सायकलींमुळे डोंगर धुऊन जातो' असं सरसकट म्हटलं जातं, ते अभ्यासातून निघत नाही. मोंटानातल्या ट्रेल्सवर १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला विल्सन आणि सेनी यांचा प्रयोग आहे. माणूस, घोडा, मोटारसायकल, सायकल यांना त्याच वाटेवरून नेऊन, वर कृत्रिम पाऊस पाडून किती माती सुटते ते मोजलं. चाकांपेक्षा खुरांनी आणि पायांनी जास्त माती मोकळी केली, आणि घोड्यांनी सगळ्यात जास्त.

वाट टिकते की नाही हे ती कशी खोदली यावर ठरतं. सरळ उतारावर खाली सोडलेली वाट पहिल्याच पावसात ओढा होते, मग तिच्यावरून कुणीही जावो. आम्ही वाट डोंगराच्या अंगाने आडवी नेतो. पुलास्कीने, म्हणजे एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीचं पातं असलेल्या हत्याराने, उतार कापून पूर्ण रुंदीची बैठक घेतो. बाहेरची कड थोडी खाली ठेवतो, म्हणजे पाणी वाटेवरून वाहत न जाता आडवं निघून जातं. आणि ठरावीक अंतराने वाटेला एक छोटा उलटा चढ देतो. उतरत आलेलं पाणी तिथे अडतं आणि कडेवरून बाहेर पडतं. पहिल्या मोठ्या पावसानंतर जाऊन पाहिलं की लगेच कळतं. चांगल्या उलट्या चढाशी बारीक वाळूचा पंखा पसरलेला असतो आणि पुढची वाट कोरडी. जिथे कड चुकून उंच राहिली तिथे मधोमध बोटभर खोल चर.

ओल्या वाटेवर सायकल घातली तर मात्र चाकाचा चर पडतो आणि पुढचं पाणी त्यातूनच धावतं. हा दोष आपला, आणि तो आपणच थांबवायचा.

घाटवळण

देवदार, एल्कचं मान्य. पण मग घोड्यांचं काय? विल्डरनेसमध्ये दहा-बारा घोड्यांचा तांडा सामान लादून जाऊ शकतो. ओंजळ यांनी मातीचं सांगितलंच. मुक्कामाच्या कुरणाची काय दशा होते तेही कुणी जाऊन पाहावं. निकष जनावरं आणि माती असेल तर तो सगळ्यांना लावा. 'तुमचं चाक आम्हाला बघवत नाही' हा निकष होऊ शकत नाही. चाकाचंच वावडं म्हणावं, तर व्हीलचेअर तिथे चालते, १९९० च्या अपंग हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. ती चाललीच पाहिजे. पण मग चाक म्हणजेच विटाळ, असा पवित्रा तरी सोडा.

देवदार

व्हीलचेअर ज्याला पायच नाहीत त्याचे पाय आहेत. तिची तुलना उतारावर मजा म्हणून सोडलेल्या सायकलीशी करू नका, विनंती. घोड्यांबद्दल तुमच्याशी सहमत आहे, तांड्यावर मर्यादा हवीच. पण एक वाईट चालू आहे म्हणून दुसरं आत घ्या, हा युक्तिवाद मला पटत नाही.

पाऊलखूण

दोन उदाहरणं टाकते. अमेरिकेतल्या टाहो रिम ट्रेलच्या टाहो मेडोज ते टनेल क्रीक रोड या टप्प्यावर सायकलींना फक्त सम तारखांना परवानगी आहे. विषम तारखेला पायी जाणाऱ्याला मागून घंटीची धास्ती नाही. न्यूझीलंडमध्ये हीफी ट्रॅकवर १ मे ते ३० नोव्हेंबर, म्हणजे तिकडच्या थंडीच्या बाजूचे महिने, सायकल चालते आणि उन्हाळ्याच्या गर्दीत बंद. तोही नॅशनल पार्कातला ट्रॅक आहे. वेळ वाटून घेतली तर कायदा न बदलताही पुष्कळ भांडणं मिटतात.

मुक्तचाक

पाऊलखूण, विल्डरनेसबाहेरच्या जमिनीसाठी हे अगदी योग्य आहे.

घाटवळण, व्हाइट क्लाउड्सचं दुःख खरं आहे आणि तिथे सायकलवाल्यांवर अन्याय झाला, हेही मी मानतो. पण तो अन्याय कुठे झाला ते बघा. नकाशावर रेघ ओढताना झाला. रेघ ओढून झाल्यावर कायदा बदलत बसण्यापेक्षा ती ओढली जात असताना टेबलाशी बसायला हवं. वाटेच्या दोन्ही बाजूंची अरुंद पट्टी वगळून सीमा आखता येते. किंवा शेजारची जमीन रिक्रिएशन एरिया म्हणून वेगळी काढता येते. तिथे खाण येत नाही आणि सायकल राहते. २०१९ च्या डिंजेल कायद्यात युटाच्या सॅन राफेल स्वेलमध्ये असंच झालं. साडेसहा लाख एकरांहून जास्त विल्डरनेस, आणि त्यासोबत दोन लाख एकरांहून मोठा रिक्रिएशन एरिया. त्याच कायद्याने लँड अँड वॉटर कॉन्झर्वेशन फंड, म्हणजे जमीन-पाणी राखण्यासाठीचा निधी, कायमचा केला, आणि २०२० मध्ये त्याला वर्षाला ९० कोटी डॉलर पक्के मिळाले. सायकलवाले, शिकारी आणि जंगलवाले एका बाजूला उभे राहिले तर काय होतं, ते इथे दिसतं.

जमीन हातातून जायला वेळ लागत नाही. युटातलं बेअर्स इअर्स नॅशनल मॉन्युमेंट २०१६ च्या अखेरीला साडेतेरा लाख एकरांचं झालं, वर्षभरात ते ८५ टक्के कापलं गेलं, आणि २०२१ मध्ये परत आलं. ही ओढाताण चालू असताना आपण देवदारांसारख्या माणसांशी भांडण काढायचं, ते कुणाच्या फायद्याचं?

ओंजळ

एक व्यवहाराची गोष्ट. फॉरेस्ट सर्व्हिसचा प्रकल्प किंवा ट्रेल आराखडा हरकतींसाठी खुला होतो, तेव्हा मुदतीत, नेमक्या मुद्द्यावर लेखी म्हणणं दिलेल्यालाच सहसा पुढे अधिकृत आक्षेप घेता येतो. ऑनलाइन अर्जांवर नुसत्या सह्या करणारे कितीतरी लोक तिथेच बाद होतात. पत्रात ट्रेलचा क्रमांक लिहा, कुठला टप्पा ते लिहा, पाणी कुठे साचतं, पर्यायी आखणी कुठून जाईल ते लिहा. 'आम्हाला सायकल आवडते' याला उत्तर द्यायला खातं बांधील नाही. 'या वळणापासून त्या ओढ्यापर्यंतची वाट अमुक कारणाने सीमेबाहेर ठेवा' याला आहे.

देवदार

अशा पत्रावर मीही सही करेन. पट्टी वगळून आखलेली सीमा मला विल्डरनेसच्या कायद्यात भोक पाडण्यापेक्षा कधीही चालेल. अट एकच, मे-जूनमध्ये एल्क वितात तेव्हा ती पट्टी सायकलींना बंद.

घाटवळण

विणीच्या काळात बंद ठेवायला माझी ना नाही. कोलोरॅडोत असे कितीतरी ट्रेल त्या आठवड्यांत बंद असतात, पण तिथे बंद म्हणजे सगळ्यांना बंद, पायी जाणाऱ्यालाही. त्या अटीत 'सायकलींना' काढून 'सर्वांना' घाला, मी आजच मसुदा लिहायला बसतो. १९८४ च्या नियमाबद्दलचं माझं मत मात्र तेच राहील आणि ते मी वेगळ्या पत्रात लिहीन.

देवदार

'सर्वांना' मान्य. मसुदा इथेच टाका.