उंदराला हात लावायच्या आधी ट्रेनिंग सक्तीचं हवं की नको?

रानजाई
आमच्या युनिव्हर्सिटीत सध्या यावरून बरंच पेटलंय म्हणून इथे टाकतेय. प्रस्ताव असा आहे की ॲनिमल हाऊसमध्ये पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला, म्हणजे पीएचडीवाले, गाईड, टेक्निशियन, पिंजरे धुणारे अटेंडंट सगळ्यांना, पाच दिवसांचं ट्रेनिंग, त्यातले तीन दिवस प्रत्यक्ष हाताने, आणि ते पास झाल्याशिवाय आयएईसी (संस्थेची प्राणी नैतिकता समिती) प्रोटोकॉलवर, म्हणजे प्रयोगाच्या मंजूर आराखड्यावर, तुमचं नावच घेणार नाही. बऱ्याच प्राध्यापकांचा विरोध आहे. माझा पूर्ण पाठिंबा आहे, का ते सांगते.

एम.फार्मला माझा प्रोजेक्ट विस्टार उंदरांवर होता, लॅबमध्ये वापरतात ती मोठ्या पांढऱ्या उंदरांची जात. तोंडातून औषध द्यायचं, त्याला गॅवाज म्हणतात, एक बोथट टोकाची वाकडी सुई घशातून पोटापर्यंत घालायची. सीनिअरने एकदा करून दाखवलं, "बघ, असा धरायचा, अशी घालायची, झालं." तीन दिवस जमलं. चौथ्या दिवशी सुई थोडी अडल्यासारखी वाटली, मी तशीच ढकलली आणि पिस्टन दाबला. सुई श्वासनलिकेत गेली होती. उंदराच्या नाकातून फेस आला, त्याची नखं माझ्या ग्लोव्हमध्ये अडकलेली होती आणि मिनिटभरात तो हातातच गेला. वहीत मी लिहिलं, "डोसिंगच्या वेळी मृत्यू". सहाच्या ग्रुपात पाच राहिले, थिसिसमध्ये त्याची एक ओळ. अडलं की थांबायचं, सुई बाहेर काढायची, एवढंच कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

आणि आता तर परिस्थिती अजून अवघड आहे. २०१४ पासून यूजीसीने कॉलेजांतली डिसेक्शन बंद केली, फार्मसीची पोरं जिपमरच्या एक्सफार्मसारख्या सॉफ्टवेअरवर प्रॅक्टिकल करतात. ते योग्यच झालं, त्यावर माझं दुमत नाही. पण त्याचा अर्थ असा की आजच्या मुलाच्या हातात पहिला जिवंत उंदीर येतो तोच थेट त्याच्या रिसर्चचा. मग शिकायचं कधी?

पिपेट
भावना समजते पण प्रस्ताव चुकीचाय. दोन वर्षांचा कोर्स, त्यात प्रोजेक्टला हातात येतात जेमतेम आठ-दहा महिने, आयएईसीची मीटिंग कधी लागेल त्याची वाट बघा, मग प्राणी मागवा, आठवडाभर क्वारंटाईन, आता त्यात हे पाच दिवस आणि बॅच भरेपर्यंतचा वेटिंग पिरियड वेगळा. पंचवीस वर्षं हेच काम करणारे आमचे सर पहिल्या वर्षाच्या पोरांबरोबर बाकावर बसून परीक्षा देणार का? हात बसतो तो शेजारी उभं राहून, सर्टिफिकेटने नाही. शेवटी फाईलला लावायचा अजून एक कागद होणार हा.

आणि कायद्याचं काय? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम १७ वाचा, नुसतं हाताचं कौशल्य यावं म्हणून शक्यतो प्राण्यांवर प्रयोग करू नयेत असं त्यात स्वच्छ म्हटलंय. मग तीन दिवस प्रॅक्टिस कशावर करणार?

गुरांचा डॉक्टर
व्हेटरनरीवाला आहे, आयएईसीवर बसतो. कलम १७ चा मुद्दा बरोबर काढलात, पण वाट आहे. सुरुवात सिलिकॉनच्या उंदरावर, जपानी बनावटीचा मिळतो, त्यात सुई पोटात गेली की भलतीकडे ते कळतं. मग दुसऱ्या कुणाचा प्रोटोकॉल संपला की त्यातल्या मेलेल्या प्राण्यांवर, टाके घालणं, रक्त कुठून काढायचं, सगळं शिकता येतं. जिवंत प्राण्यावर सुरुवातीला फक्त धरणं, उचलणं, त्याला आपल्या हाताची सवय करणं, ज्यात त्याला त्रास नाही. आणि पहिले डोस मी शेजारी उभा असताना.

आता पंचवीस वर्षांचा अनुभव. साहेब, आमच्या वेळी सगळ्यांना शिकवलं गेलं की छोट्या उंदराला शेपटीने उचला. २०१० मध्ये लिव्हरपूल युनिव्हर्सिटीच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवून दिलं की शेपटीने उचललेले उंदीर माणसाच्या हाताला घाबरून राहतात आणि तेच नळीतून किंवा ओंजळीत उचलले तर जवळ येतात. म्हणजे तुमच्या चिंताविकारावरच्या औषधाचा प्रयोग उचलतानाच बिघडतो. हे अनुभवाने कळलं नव्हतं, मलाही नाही.

सशाचं तर काळजात धस्स होतं. मागचा भाग नीट न धरता उचलला आणि त्याने एक जोरात लाथ झाडली की स्वतःच्याच ताकदीने कंबरेजवळचा मणका मोडतो. मी तसा एक बघितलाय, मागचे दोन्ही पाय ओढत पिंजऱ्याच्या कोपऱ्याकडे सरकत होता. धरणारा हुशार पोरगा होता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मुक्ता_न
मी दोघांच्याही विरोधात. ट्रेनिंग दिलं की सगळ्यांना वाटतं आता आपण नीट वागतोय, आणि प्रयोग तसेच चालू राहतात. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये तीन तत्त्वं मांडली त्यात पहिलं आहे प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, दुसरं संख्या कमी करा, त्रास कमी करणं हे तिसरं. तुम्ही सगळे थेट तिसऱ्यावर उडी मारताय. २०२३ मध्ये केंद्राने औषध चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती करून पेशींवरच्या चाचण्या, चिपवर वाढवलेले अवयव, कॉम्प्युटर मॉडेल यांना जागा दिली. पाच दिवसांच्या ट्रेनिंगचा पैसा तिकडे घाला ना, की प्राणी आणावाच लागणार नाही.

रानजाई
मुक्ता, पहिलं तत्त्व पहिलंच असायला हवं, मी तेच म्हणतेय की ट्रेनिंगचा पहिला दिवस त्यालाच द्या, तुमच्या प्रश्नाला खरंच प्राणी लागतो का, लागत असेल तर किती. मला त्या वेळी हे कुणी विचारलंच नाही, सहाचा ग्रुप का, तर मागच्या थिसिसमध्ये सहा होते म्हणून. पण आज संध्याकाळी जे प्राणी पिंजऱ्यात आहेत त्यांच्या अंगावर उद्या सकाळी कुणाचा तरी हात पडणारे. त्यांना चिपवरच्या अवयवांची वाट बघायला कसं सांगू?

राइनकाठ
जर्मनीत पोस्टडॉक करतोय, इकडचं सांगतो. युरोपियन युनियनच्या २०१० च्या डिरेक्टिव्हमध्ये चार कामं धरलीत: प्रयोग करणं, प्रयोग आखणं, प्राण्यांची निगा राखणं आणि प्राणी मारणं. चारींना ट्रेनिंग लागतं, आणि नुसता कोर्स करून भागत नाही, हातात काम नीट येतंय हे दिसेपर्यंत कुणाच्या तरी देखरेखीखालीच करायचं. माझा इकडे आलो तेव्हा जीव वर-खाली झाला होता, कित्येक आठवडे गेले. पण निगा राखणारा माणूस त्याच यादीत आहे, हे मला सगळ्यात पटलं. आपल्याकडे तो मोजलाच जात नाही.

साधा माणूस
मी तोच माणूस आहे. ॲनिमल हाऊसला अकरा वर्षं, कॉन्ट्रॅक्टवर. दारावर एसओपी, म्हणजे काम कसं करायचं त्याची यादी, लॅमिनेट करून लावलीय, इंग्रजीत. सुरुवातीला दोन-तीन वर्षांतच मला शिंका सुरू झाल्या, वाटलं भुश्याची धूळ असेल, आता पंप घ्यावा लागतो, मग एका डॉक्टरने सांगितलं की उंदरांच्या लघवीची ॲलर्जी असते ती. मास्क कुठला वापरायचा हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर.

उंदराच्या डोळ्याभोवती, नाकाशी लाल दिसायचं, मला वाटायचं रक्त आलं, मी पुसायचो. ते रक्त नसतं, त्याला त्रास होतोय त्याची खूण आहे, हे मला पाच वर्षांनी एका मॅडमनी सांगितलं. रविवारी आणि दिवाळीत तिथे मीच असतो, दुसरं कुणी नाही. कुबड काढून बसलाय, केस पिंजारलेत, खात नाहीये, हे आधी मलाच दिसतं.

गुरांचा डॉक्टर
तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्राची समिती आहे, आधी सीपीसीएसईए म्हणायचे ती, तिच्या गाइडलाइनमध्येच आहे की नव्या स्टाफला काही आठवडे प्राणी हाताळणं, सफाई आणि आजारी प्राणी ओळखणं शिकवा. म्हणजे पाच दिवस हे तर कमीच मागणं झालं.

पिपेट
अटेंडंटच्या ट्रेनिंगला माझा विरोध नव्हताच, तो मुद्दा मी धरलाच नव्हता, चूक झाली. पण जुन्या लोकांना पाच दिवस बसवण्याला विरोध कायम. त्यांनी थेट व्हेटसमोर करून दाखवावं, जमलं तर पास, नाही जमलं तर बसा.

रानजाई
हे मला चालेल, फक्त शेपटीवाली गोष्ट त्यात तपासली जायला हवी. गुरुवारच्या मीटिंगला मांडते. आणि मराठीतून व्हायला हवं हेही.

साधा माणूस
मराठीतून असेल तर मी पहिल्या बॅचला येतो. एक विचारायचं होतं मॅडम, त्या पाच दिवसांचा खाडा धरणार का?

रानजाई
प्रस्तावात त्याबद्दल एक अक्षर नाहीये. आत्ताच परत वाचला.