कुमरीवरील बंदीमागचे कारण

कुमरी शेतीमुळे, म्हणजे जंगलाचा तुकडा तोडून-जाळून काही वर्षे पीक घेण्याच्या फिरत्या शेतीमुळे, जंगल संपत होते म्हणून इंग्रजांना वनकायदे करावे लागले, हे नेहमी मांडले जाणारे मत मला अपुरे वाटते. जहाजांना आणि रेल्वेच्या स्लीपरांना (रुळांखालच्या आडव्या ओंडक्यांना) लाकूड हवे होते. त्यासाठी 1864 मध्ये वनखाते आले आणि 1878 च्या कायद्याने राखीव ठरवलेल्या जंगलात पूर्वापार चालत आलेली चराई किंवा सरपण गोळा करणे हा हक्क न राहता सवलत किंवा थेट गुन्हा ठरला. कोल्हापूर तेव्हा संस्थान असल्याने येथील इतिहास थोडा निराळा आहे. तरीही कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी, राधानगरीच्या धनगरवाड्यांवरील माणसे अनुसूचित जमातीत मोडत नसल्यामुळे 2006 च्या वनहक्क कायद्याखाली त्यांना तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते, ही अट मला अन्यायाची वाटते.