काल जिन्यात जे झालं त्याबद्दल

बी-२०४ वहिनी: नमस्कार. रात्री लिहिणार होते, पण रागात काहीतरी जास्त लिहून जाईल म्हणून थांबले. काल संध्याकाळी आमचे हे जिन्यात घामाने डबडबून बसले होते. हात थरथरत होते, बोलताना अडखळत होते. त्यांनी स्वतः साखर मागितली, आणि आपल्याच मजल्यावरच्या दोघांनी ती मिळू दिली नाही. "तुम्हाला शुगर आहे, साखर कशी देणार?" मी पोचले तेव्हा शुगर तपासायच्या मशीनवर ४८ आकडा होता. नाव घेत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

सेक्रेटरी: वहिनी, आता तब्येत कशी आहे? काही लागलं तर हक्काने सांगा 🙏

बी-२०३ काका: मजला सांगितलात म्हणजे नाव घेतल्यासारखंच आहे. आम्ही काळजीपोटी नाही म्हणालो. यांना गोडाचा आग्रह करू नका, असं तुम्हीच सगळ्यांना सांगत असता ना?

बी-२०४ वहिनी: आग्रह करू नका म्हणते. घाम फुटलेला माणूस साखर मागत असताना त्याला अडवा, असं कधी म्हणाले?

डी-४०५ आजोबा: ट्रॅकवरचे दिवे बंद आहेत. महिना होत आला. शुगरवाल्यांनी जेवल्यावर चालायचं कुठे?

सी-१०३ सिस्टर: काका, वहिनी, दोघंही जरा थांबा. हे सगळ्यांनी नीट वाचा. शुगर ७० च्या खाली गेली की ती कमी समजायची. ५४ च्या खाली म्हणजे गंभीर, कारण मेंदूला साखर पुरत नाही. माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो, प्यायल्यासारखा वाटतो. अशा वेळी लगेच भिनेल अशी १५ ग्रॅम साखर द्यायची. तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून, किंवा अर्धा कप फळांचा रस. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. ७० च्या वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच द्या. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या चरबीमुळे साखर हळू भिनते. आणि शुगर-फ्री पेय देऊन काहीच होणार नाही, त्यात साखरच नसते.
शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवा, रुग्णवाहिका बोलवा.

बी-२०३ काका: सिस्टर, पण कमी आहे की जास्त, हे जिन्यात उभं राहून आम्हाला कसं कळणार? जास्त असली आणि वरून साखर दिली तर?

सी-१०३ सिस्टर: बरोबर विचारलंत. मशीन हाताशी नसेल आणि माणूस शुद्धीत असेल, गिळू शकत असेल, तर साखर द्या. आधीच वाढलेली शुगर एक ग्लास पाण्याने आणखी थोडी वाढेल, ती पुढे आटोक्यात आणता येते. कमी झालेली शुगर मात्र थोड्या वेळात माणसाला बेशुद्ध करू शकते. शंका असेल तेव्हा साखरच.

बी-६०२: फॉरवर्ड केलेला मेसेज
*मधुमेह मुळापासून बरा! गोळ्या-इन्सुलिन आजच बंद करा, फक्त हा कडू काढा...* 👇👇

ए-३०२: हे काढून टाका, प्लीज. मी लहानपणापासून इन्सुलिनवर आहे, इथे बऱ्याच जणांना माहीत नाही. माझ्यासारख्या टाइप १ मधुमेहात शरीर साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन स्वतः जवळजवळ बनवतच नाही. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला. त्याआधी माझ्यासारखी मुलं जगत नसत. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन मिळालं. "आजच बंद करा" वाचून कुणी खरंच बंद केलं, तर तो माणूस काही दिवसांत दवाखान्यात असेल, किंवा त्याहून वाईट.

बी-६०२: चिडू नकोस रे. आलं ते पुढे पाठवलं. घ्यायचं त्याने घ्यावं.

ए-३०२: काका, हेच तर नको ना. घ्यायचा तो घेतो.

बी-६०२: हा मेसेज हटवण्यात आला

सी-४०१: चला, आता साखरेचा डबा पार्किंगमध्ये ठेवू, म्हणजे मुंग्याही मेंटेनन्स भरतील 😄

बी-२०४ वहिनी: कृपया आज नको.

सी-४०१: सॉरी वहिनी.

सेक्रेटरी: वहिनी, पण अचानक झालं कशाने? ते तर किती नियमाने राहतात.

बी-२०४ वहिनी: खरं सांगू? सकाळची गोळी वेळेवर घेतली होती. दुपारी पाण्याच्या टाकीची मीटिंग लांबली. "दहा मिनिटं बसा" म्हणत चार वाजवले. जेवण राहिलं ते राहिलंच, वर संध्याकाळी चालायला गेले.

सेक्रेटरी: मीटिंगला कोरम नव्हता वहिनी, लोक उठून गेले असते तर ठराव पुन्हा पुढे गेला असता.

सी-१०३ सिस्टर: ठराव राहू द्या. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या शरीरातलं इन्सुलिन बाहेर काढतात, पोटात अन्न असो वा नसो. इन्सुलिन घेणाऱ्यांचंही तेच. त्यावर जेवण चुकलं, त्यात चालणं झालं, की आकडा कोसळतो. नुसती मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी असेल तर सहसा असं होत नाही. आपली गोळी कोणत्या जातीची आहे, हे प्रत्येकाने डॉक्टरांना विचारून घ्यावं, घरच्यांनाही माहीत हवं.

बी-५०१ ताई: सिस्टर, आईला बीपीसाठी बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी आहे. तिला शुगर कमी झाली तरी धडधडत नाही, असं म्हणते.

सी-१०३ सिस्टर: त्या गोळीने धडधड आणि थरथर झाकली जाते. घाम मात्र येतो. अचानक घाम आला की तपासा. आणि डॉक्टरांच्या कानावर घाला, गोळी स्वतः थांबवू नका.

डी-४०५ आजोबा: ट्रॅकवरचे दिवे. जेवल्यावर पंधरा मिनिटं चाललं तरी शुगर कमी चढते, सिस्टरच म्हणाल्या होत्या. अंधारात ट्रॅकवर स्कूटर लावलेल्या असतात.

सी-४०१: आजोबा, ती स्कूटर माझी असं बोलून दाखवायची गरज नाही. मला पार्किंग मिळालंच नाही, हे कमिटीला विचारा.

डी-४०५ आजोबा: मी कुणाची ते म्हटलं नव्हतं. ठीक आहे, लॉनवर चालतो. अनवाणी.

सी-१०३ सिस्टर: अनवाणी अजिबात नको आजोबा. तुमच्या तळव्यांना मुंग्या येतात ना? म्हणजे संवेदना कमी होतेय. काटा टोचला तरी कळणार नाही, आणि जखम चिघळल्यावर लक्षात येईल. बूट घालून चाला. रोज रात्री तळवे बघा, वाकता येत नसेल तर आरशात. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन, दोन्ही तपासून घ्या.

बी-२०३ काका: माझी उपाशीपोटी १६० येते. रात्री काही खात नाही तरी. बायको म्हणते चोरून खाता.

सी-१०३ सिस्टर: काकूंना सांगा, पहाटे शरीरात काही संप्रेरकं वाढतात आणि यकृत साखर सोडतं. न खाताही आकडा चढतो. तरीही १६० जास्तच आहे. बऱ्याच जणांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत असं ध्येय असतं. वयस्कर, एकटं राहणाऱ्यांना डॉक्टर थोडी ढील देतात. एका आकड्याने घाबरू नका. तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या एचबीए१सी तपासणीचा रिपोर्ट सोबत ठेवून डॉक्टरांना दाखवा.

बी-२०४ वहिनी: पुन्हा टाकते, वर गेलं म्हणून. शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर साखर. शुद्ध नसेल तर तोंडात काही नाही, रुग्णवाहिका.

सेक्रेटरी: वहिनी, वाचलं सगळ्यांनी. पिन करून ठेवतो.

बी-२०४ वहिनी: वाचलं असेल. वॉचमन ग्रुपवर नाहीत. त्यांना कोण सांगणार?

ए-३०२: मी सांगतो आज. केबिनमध्ये साखरेची पुडी आणि ग्लास ठेवायला देतो. माझं नावही लिहून ठेवतो, म्हणजे मी पडलो तर त्यांना कळेल.

डी-४०५ आजोबा: आणि दिवे?

सेक्रेटरी: इलेक्ट्रिशियनला फोन केलाय आजोबा. स्कूटरचं मी वेगळं बोलतो, इथे नको.

बी-५०१ ताई: सिस्टर, मशीन कसं वापरायचं ते एकदा दाखवाल का? आई बोटाच्या मधोमध टोचते, दुखतं म्हणून तपासतच नाही.

सी-१०३ सिस्टर: बाजूला टोचायचं, तिथे कमी दुखतं. उद्या सहा वाजता खाली या, दाखवते.

बी-२०३ काका: मीही येतो. मशीन आहे, पट्ट्या जरा जुन्या आहेत.

सी-१०३ सिस्टर: डबीवरची मुदत बघूनच आणा काका. आणि सगळ्यांसाठी: सुई आणि टोचायचं पेन ज्याचं त्याने आणायचं, घरच्या घरीसुद्धा एकमेकांचं वापरायचं नाही, रक्तातून कावीळ पसरते. येताना हात साबणाने धुऊन, कोरडे करून या. बोटाला फळाचा रस लागलेला असला तरी आकडा खोटा वाढतो.