पूर ओसरला, पण यजमानच उघड्यावर आलेत. गोंधळाची बिदागी मागायची कशी?

सीनाकाठ:

नमस्कार मंडळी.

मी माढा तालुक्यातला, सीनेच्या काठचा. आमचं घराणं रेणुराई गोंधळ्यांचं, म्हणजे रेणुकेचं नाव लावणाऱ्या शाखेचं. वडील आता थकलेत, त्यामुळं संबळ माझ्याकडं आणि तुणतुणं धाकट्या भावाकडं. शेती नावालाच. चूल पेटते ती जागरण-गोंधळाच्या सुपाऱ्यांवर, आणि अलीकडं शाळा-कॉलेजांत कुणी आख्यानाला बोलावलं तर त्याच्यावर. कुठल्या संस्थेचे, मंडळाचे आम्ही नाही. सुपारी आली तर काम, नाहीतर घरी.

२०२५ च्या सप्टेंबरात सोलापूर, धाराशिव, बीडकडं काय पाऊस झाला ते तुम्ही बातम्यांत बघितलं असेल. २२ तारखेला घट बसले आणि त्याच आठवड्यात सीना गावात शिरली. नवरात्रात आमची वर्षाची निम्मी कमाई होते. तेच दिवस आम्ही शाळेच्या वर्गखोलीत काढले. परत आलो तर घरात गुडघाभर गाळ. संबळ खुंटीला होता, पण पाणी खुंटीच्याही वर गेलेलं. कातडं फुगून सैल पडलं होतं, बोटानं दाबलं की खळगा तसाच राहायचा. अंगरखे कुजले. कवड्यांची माळ तेवढी धुऊन निघाली.

जिवाला लागलं ते वहीचं. माझ्या आज्यानं लिहायला घेतलेली वही. कुठल्या गावात आपले यजमान कोण, त्यांचं कुलदैवत तुळजापूरचं की माहूरचं, कुणाच्या घरच्या लग्नाचा गोंधळ झाला, कुणाचा राहिलाय, कुणी काय दिलं. आता तिची वीट झालीय, पानं सुटत नाहीत.

घराचा पंचनामा झाला. भांडी-कपडे लिहून नेले. संबळ, तुणतुणं, झांज, दिवटी यांना कागदावर रकानाच नव्हता.

तुळशीची लग्नं लागली, आता सराई सुरू. पण ज्यांच्या घरी गोंधळ घालायचा त्यांचीच माती खरवडून गेलीय. एका यजमानांचा फोन आला, "बुवा, कुळाचार चुकवायचा नाही, या. पण देण्याघेण्याचं पुढच्या सालाला बघू." नाही कसं म्हणू? आणि जाऊन आलो तर डिझेलचे पैसे कुठनं आणू? दुसरीकडं शहरातल्या एका मंडळानं निरोप धाडलाय की पुरावर काहीतरी रचून आणा, स्टेजवर करू, बिदागी चांगली देऊ. मन घेत नाही. अजून आमच्या गल्लीत भिंतींवर पाण्याची रेघ आहे.

तुमच्यात कीर्तनकार आहेत, कथाकथन करणारे आहेत, पूर-भूकंप बघितलेले आहेत. तुम्ही कसं निभावलं ते सांगा. आणि वहीचं काही होईल का?

—

गोष्टवाली_पलूस:

दादा, मी कृष्णाकाठची. मुलांना गोष्टी सांगते, शाळांतून, वाचनालयांतून, गणपतीत मंडळांपुढं. तुमच्यासारखीच, कुणाच्या पगारावर नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. ब्रह्मनाळची नाव उलटली ती ८ ऑगस्टला, आमच्याच तालुक्यात. त्या वर्षी गणपती २ सप्टेंबरला बसले, आणि जवळपास सगळ्या मंडळांनी कार्यक्रम रद्द करून वर्गणी पूरग्रस्तांना दिली. दिलीच पाहिजे होती. पण माझी डायरी कोरी झाली, आणि माझ्याही घरात पाणी येऊन गेलेलं.

तेव्हा मी छावणीत संध्याकाळी बसायला लागले. मंगल कार्यालयात सोय केली होती. दिवसभर मदतीचे टेम्पो, बिस्किटं, चादरी, फोटो. सात वाजले की सगळे निघून जायचे, आणि झोपेपर्यंतचा वेळ लोकांना खायला उठायचा. पोरं चिडचिड करायची, म्हातारी माणसं भिंतीला टेकून गप्प. माइक नाही, स्टेज नाही, मी सतरंजीवर बसून ससा-कासव, कोल्हा-करकोचा असलं काहीतरी सुरू केलं.

एका पोरानं मला मध्येच थांबवलं. म्हणाला, आमच्या आज्ज्यानं म्हशीचं दावं विळ्यानं कापलं आणि ती पोहत गेली. बस, तेवढंच. दुसऱ्या दिवशी तोच परत आला, म्हैस आता पुलाखालून गेली होती. मग पुढं ती एका मळीत चढली, तिथं तिला मगर दिसली (कृष्णेत मगरी आहेत हे आमच्याकडं तान्ह्या पोरालाही ठाऊक), ती मगरीला शिंग दाखवून पुढं गेली. रोज म्हैस थोडी थोडी जगत होती. मी काही सुधारायला गेले नाही. फक्त विचारायचे, मग? आणि बाकीची पोरं तिला गवत कुठं मिळालं, रात्री ती कुठं निजली, ते भरायची. आजोबा लांबून ऐकायचे. एक दिवस ते पुढं सरकून म्हणाले, "तिच्या डाव्या कानाला चीर होती, ते सांग की त्यांना." त्याआधी मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता.

आता पैशाचं. छावणीत मी एक रुपया घेतला नाही, आणि बाहेर एक रुपया कमी घेतला नाही. पुण्यामुंबईच्या शाळांना, गृहसंकुलांना पत्रं लिहिली: मदत नको, कार्यक्रम ठरवा, माझा दर हा, निम्मे आगाऊ पाठवा. लोक मदतीला तयार असतातच, पण चादरीपेक्षा काम देणं त्यांना सुचत नाही, ते आपण सुचवावं लागतं. लाज वाटली, तरी लिहिलं. त्यातून तो हिवाळा निघाला.

तुमच्या यजमानांना दर कमी करून सांगू नका, नंतर तोच दर होऊन बसतो. शिधा घ्या, बिदागी पुढची ठरवा आणि कधीची ते तोंडावर बोला. नुसतं "पुढच्या सालाला" नको. ज्याची जमीन वाचलीय त्याच्याशी ज्वारी निघाल्यावर. ज्याची माती गेलीय त्याला सांगा की देवीचा दिवा लावून जातो, पाच जणांत, तासाभरात. डिझेल मात्र मागून घ्या. त्यात कमीपणा नाही.

शहरातली सुपारी घ्या. पण पूर रचू नका. तुमचं जांभूळ आख्यान, द्रौपदीची ती जुनी कथा, घेऊन जा. ज्यांचं घर बुडालं नाही त्यांच्यापुढं आपलं बुडालेलं घर मांडायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. मंडळ आग्रह करेल. नाही म्हणा.

—

किल्लारी_परिसर:

ताईंचं बरंच पटलं, शेवटचं नाही पटलं.

मी औशाकडचा. ३० सप्टेंबर १९९३ ला मी शाळकरी होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, मिरवणुकीनं थकून लोक झोपलेले, आणि पहाटे चारच्या आत भूकंप. दगडमातीच्या जाडजूड भिंती माणसांवर आल्या. वडील भारूड करायचे. सोंगाची पेटी भिंतीखाली गेली, त्यांचा मृदंगवालाही गेला.

त्यानंतर ५२ गावं नव्यानं बसवली. घरं पक्की मिळाली, ते चांगलंच झालं. पण सरळ रस्ते, लांब लांब ओळी, आणि पार नाही. आमच्या जुन्या गावात मारुतीसमोर पार होता. भारूड म्हणलं की कुणाला सांगायला लागायचं नाही, दिवा दिसला की लोक यायचे. नव्या गावात एका टोकाला टाळ वाजले तर दुसऱ्या टोकाला पत्ताच नाही. वडिलांनी सोंगाचे कपडे नंतर शिवून घेतले, मृदंगाला दुसरा गडी मिळाला, पण लोक कुठं बसवायचे हे कोडं लई दिवस सुटलं नाही. शेवटी मंदिराच्या मोकळ्या जागेत त्यांनी स्वतःच फरश्या आणून ओटा केला, गावातल्या दोघातिघांना धरून. त्यामुळं मी म्हणेन, दादा, गावाचं पुनर्वसन होणार असेल तर ग्रामसभेत आत्ताच उभं राहून बोला, की चौक मांडायला, लोक बसायला जागा नकाशात दाखवा. एकदा प्लॉट पडले की कोणी ऐकत नाही.

आता रचण्याचं. ताई, तुम्ही पोराला त्याच्या म्हशीची गोष्ट सांगू दिलीत, ते त्याच्या स्वतःच्या पुराचंच रचणं होतं की. माझी आजी भूकंपानंतर झाडताना, निवडताना ओव्या म्हणायची. कुणी सांगितलं नव्हतं. गेलेल्यांची नावं त्यात यायची, कुठल्या खोलीत कोण झोपलं होतं तेसुद्धा. एकदा बाहेरगावचे लोक ऐकायला आले तर तिनं तोंड मिटलं. पण शेजारणी बसल्या की म्हणायची, आणि त्याही तिच्या ओवीत आपलं माणूस घालायच्या. म्हणजे पुराचं गाणं वाईट नाही, आधी कुणापुढं म्हणायचं ते बघावं. दादा स्वतः बुडालेत, त्यांना हक्क आहे. पहिल्यांदा गल्लीत म्हणा. गल्लीनं मान डोलावली तर मग सोलापूर, पुणे, कुठंही न्या. मी तर म्हणतो न्यायलाच पाहिजे, नाहीतर सीनेचा पूर शहरात दोन दिवसांची बातमी होऊन संपतो.

—

वाशिष्ठी_चिपळूण:

मी फक्त वहीबद्दल लिहिते, कारण ते मी हातानं केलेलं आहे. २२ जुलै २०२१ ला आमचं चिपळूण बुडालं तेव्हा लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची हजारो पुस्तकं भिजली, आणि घराघरांतून वह्या, कुंडल्या, फोटो, दस्तऐवज. माझ्या वडिलांच्या कीर्तनाच्या वह्या त्यात होत्या.

दादा, पहिली गोष्ट म्हणजे पानं ओढू नका. सुरी घालू नका. उन्हात ठेवली असेल तर आत आणा, उन्हानं कागद वाकडा होतो आणि कडक होतो. वही अजून आतून ओली असती तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एखाद्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवायला सांगितलं असतं, त्यानं बुरशी थांबते आणि सवड मिळते. पण इतक्या दिवसांनी ती सुकून चिकटली असणार.

मग असं करा. झाकणाचा मोठा डबा घ्या, तळाला थोडं पाणी, त्यावर जाळी, जाळीवर वही. पाणी वहीला लागता कामा नये. झाकण लावून काही तास ठेवा. दमटपणानं कागद मऊ होतो. मग कडेनं, जिथं आपोआप सुटतंय तिथूनच, बांबूची पातळ कामटी हलकेच सरकवत एक पान सोडवा. सुटलं की लगेच त्याचा फोटो काढा, खिडकीशी, बाजूनं उजेड येईल असा. पुसट अक्षर तसं जास्त दिसतं. दोन पानांमध्ये कोरा टीपकागद घाला. वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते. सुटेनासं झालं की थांबा, परत डब्यात. एका बैठकीत चार-पाच पानं झाली तरी खूप. डब्यात रात्रभर विसरू नका, बुरशी धरते. बुरशी दिसली तर तोंडाला फडकं बांधून अंगणात मऊ ब्रशनं झाडा.

शाईच्या पेनानं लिहिलं असेल तर काही पानं गेली असं धरून चाला. शिसपेन्सिल किंवा बॉलपेन असेल तर बरंच वाचतं.

आणि जी पानं गेली ती माणसांकडून भरता येतात. माझ्या वडिलांच्या वहीतले काही अभंग आम्हाला गुहागरच्या एका आजींनी सांगितले, त्या त्यांच्या कीर्तनाला पहिल्या रांगेत असायच्या. तुम्ही लग्नसराईत यजमानांकडं जाणारच आहात. घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईला विचारा, आमच्या आज्यानं तुमच्याकडं कुणाच्या लग्नाला गोंधळ घातला होता? तिथंच नव्या वहीत लिहून घ्या.

—

सीनाकाठ:

सगळ्यांचे आभार, मनापासून. ताई, आज्याचं अक्षर शिसपेन्सिलीचं आहे! वडिलांचं पुढचं बॉलपेनचं. आज सकाळी पत्र्याचा डबा घासून ठेवलाय.

गोष्टवाली ताई, त्या यजमानांना फोन केला. डिझेल आणि शिधा आत्ता, बिदागी उसाचं बिल निघाल्यावर. त्यांचा वरच्या अंगाचा ऊस उभा आहे. त्यांना उलट मोकळं वाटलं, असं बोलण्यावरून जाणवलं. मला वाटत होतं ते दुखावतील.

किल्लारीचे दादा, तुम्ही म्हणता ते डोक्यात घोळतंय. शहरातल्या मंडळाला मी सांगितलं, यंदा आख्यान जुनंच होईल, आणि आगाऊ निम्मे पाहिजेत. ते विचार करून कळवतो म्हणालेत. पुराचं रचलं तर ते आधी आमच्या गल्लीतच होईल. त्यात ती वर्गखोली येईल, जिथं फळ्यावर खडूनं देवीचा टाक काढून माझ्या आईनं घट मांडला. ते कुणी रचलेलं नाही, झालेलं आहे.

आता संबळाचं राहिलं. नवं घ्यायला एवढे पैसे नाहीत. जुन्याला कातडं चढवून मिळेल का?

—

ढोलकी_पंढरपूर:

मिळेल. पण घाई करू नका. भांडं लाकडी असेल तर वरून कोरडं दिसलं तरी लाकूड आत ओलं असतं. त्यावर कातडं ताणलं की महिन्याभरात लाकूड आकसतं, कातडं ढिलं पडतं आणि पैसे वाया जातात. सावलीत, वाऱ्याला, जमिनीपासून उंच ठेवा. चीर पडलीय का ते उजेडात धरून आतून बघा. धातूचं असेल तर आतला गाळ आणि गंज काढून, कोरडं करून लगेच चढवता येईल. दोऱ्या सगळ्या नव्या घाला, पुराच्या पाण्यातल्या दोऱ्या ताणावर तुटतात. तुणतुण्याची तार पण बदला.

तुमच्या तालुक्यातच मोडनिंबला कलाकेंद्रं आहेत. तिथल्या ढोलकीवाल्यांना विचारा पुड्या (तोंडावरची कातडी) कुणाकडून करून घेतात, रोज वाजवणारी माणसं आहेत, चांगला कारागीर त्यांना माहीत असतो. जाताना दोन्ही तोंडांची मापं आणि जुनं कातडं बरोबर न्या.

अजून एक, पुराशी संबंध नाही पण उपयोगाचं आहे. वडिलांचं वय पन्नाशीच्या वर असणारच. राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेत त्यांचा अर्ज केलाय का? महिना ५,००० रुपये आहेत. कला सादर केल्याचे जुने पुरावे लागतात: पत्रिका, फोटो, दाखले. तुमचे पुरात गेले असतील तर ज्या शाळांत आख्यानं केलीत तिथून पत्रं घ्या, आणि वहीची पानं सुटतील तशी त्यांचे फोटो जोडा. पंचायत समितीत चौकशी करा, वडिलांना बरोबर घेऊन जा.