मदत हवी आहे: गाडीचा रंग सुरकुतला, पासिंग तोंडावर आलंय

गाडीवाला_यावल
घरीच गाडी रंगवायला काढली. घासली, प्राइमर मारला, वरून गनने रंग मारला तर बोनेट आणि डावा दरवाजा उकळल्यासारखा वर आला. नुसत्या सुरकुत्या. उजव्या बाजूला काहीच नाही. रंग एकाच डब्यातला. पुढच्या आठवड्यात पासिंग आहे, लवकर सांगा.

आप्पा_चोपडा
गाडी कोणती शे भाऊ? रंग कोणता, थिनर कोणतं, प्राइमर कोणता? एवढंही न सांगता लवकर कसं सांगायचं?

हायवे_६
कशाला घरी नाद करता! धुळ्याला हायवेला लागून रंगकामवाले बसलेत. गाडी लावा, पैसे मोजा, मोकळे व्हा.

गाडीवाला_यावल
मजुरी ऐकली म्हणूनच घरी करतोय. टाटाची चारशेसात आहे, छोटा ट्रक, २००६ ची. केळीच्या भाड्यावर असते. रंग पीयू (पॉलीयुरेथेन), हार्डनर घालून. थिनर त्याचंच.

रंगारी_भुसावळ
म्हणजे खाली जुना सिंथेटिक इनॅमल (ऑइल पेंट) आहे. मागच्या मालकाने ब्रशने फासला असणार. त्यावर पीयूचं थिनर पडलं की तो भिजून फुगतो आणि वरच्या थराला घेऊन आकसतो. पूर्ण केबिन पत्र्यापर्यंत खरवडा, दुसरा इलाज नाही.

शेतकरी_रावेर
कंप्रेसरची भानगडच नको. मी ट्रॉली फवारणीच्या बॅटरी पंपाने रंगवली होती. मस्त बसला रंग.

रंगारी_भुसावळ
दादा, थिनरने पंपाचे वायसर फुगतात. आणि ट्रॉलीला कोण हात फिरवून बघतो?

शेतकरी_रावेर
माझा पंप अजून चालू आहे. तुमच्या गनपेक्षा बरा.

आप्पा_चोपडा
भांडू नका. यावलवाले, प्राइमर कोणता ते अजून सांगितलंच नाही तुम्ही.

गाडीवाला_यावल
साधा लाल. रेड ऑक्साइड. बोनेटला आणि डाव्या दरवाज्याला गंज होता, तिथेच मारला. उजवीकडे गरज नव्हती.

आप्पा_चोपडा
मग हेच आधी सांगायचं ना भो! पूर्ण केबिन कशाला खरवडायची? रेड ऑक्साइड हा सिंथेटिक जातीचा प्राइमर, त्यावर पीयू मारला की तोच उचलतो. उजवीकडची एक जागा घासून जुना रंग उघडा करा आणि थिनरमध्ये भिजवलेली चिंधी तिथे धरा. रंग चिंधीला आला तर एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकर), सुरकुतला तर सिंथेटिक, जागचा हलला नाही तर कंपनीचा भट्टीतला रंग किंवा पीयू.

गाडीवाला_यावल
धरली. काहीच झालं नाही.

रंगारी_भुसावळ
बरं, मग प्राइमरच. आप्पांचं बरोबर. तेवढेच दोन भाग पत्रा दिसेपर्यंत काढा. आधी ऐंशी नंबरचा पेपर, मग एकशेवीस. इपॉक्सी प्राइमर मारा, डब्यावर लिहिलंय तेवढं वाळू द्या, चारशेने घासून मग पीयू. आणि तोंडाला नुसता रुमाल बांधत असाल तर बंद करा. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडतो. कोळशाच्या फिल्टरचा मास्क घ्या, तोही नवा.

हायवे_६
आणि भर उन्हात मारू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. रंग गनमधून निघून पत्र्यावर पोचेपर्यंतच सुकतो, हाताला वाळूसारखा लागतो. पहाटे मारा, वारा सुटायच्या आत. जमिनीवर पाणी शिंपडा, नाहीतर सगळा फुफाटा रंगात.

केळी_सावदा
पुसायला काय वापरता? आमचा क्लीनर केबिन चमकावी म्हणून डिझेलचा पोचा मारायचा. रंग मारल्यावर जागोजागी डोळे पडले, रंग त्या जागेवरून बाजूला सरकायचा. केळीचा चीक निघतो म्हणून ती सवय.

गाडीवाला_यावल
डिझेलनेच पुसतो, सगळेच पुसतात.

केळी_सावदा
मग घासायच्या आधीच साबणाने धुवा आणि थिनरने पुसा. घासल्यावर धुतलं तर तेल ओरखड्यात बसलेलं असतं.

कागदपत्र_जळगाव
रंग तोच ठेवताय ना? आरसीवर रंग लिहिलेला असतो. बदलायचा असेल तर आधी आरटीओत.

गाडीवाला_यावल
पांढऱ्याचा निळा करतोय.

कागदपत्र_जळगाव
अहो मग पासिंगला अडकणार! आठ वर्षांपुढची गाडी, दरवर्षी जायचंच आहे, कशाला वाकडं घेता? मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ही लिहू नका, राज्यात २०१५ पासून बंदी आहे.

हायवे_६
अजून निम्म्या गाड्यांवर आहे की. मला तर ते नसलेली गाडी उघडी वाटते.

शेतकरी_रावेर
फाळक्यावर ‘खान्देशचा राजा’ टाका. पेंटर आहे ओळखीचा.

गाडीवाला_यावल
राजाबिजा नंतर. पांढराच मारतो मग. दरवाजा खरवडायला घेतला तर खालच्या कडेला बोट जाईल एवढं भोक निघालं. त्यात लांबी (पुट्टी) भरली तर चालेल का?

आप्पा_चोपडा
नाही. आधी वेल्डिंगवाल्याकडे जा, नवा पत्रा लावून घ्या. आणि बॅटरीची वायर काढून जा.